सुतळीचं फडताळ

लिफ्टचं दार बंद होताना तुम्ही मध्ये हात घातला आणि ते निमूटपणे परत उघडलं, तर माझ्या बहिणीचे आभार माना. जगातल्या सगळ्या लिफ्टबद्दल नाही म्हणत मी, उगाच खोटं कशाला बोलू. पण तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर ज्या लिफ्टमध्ये आहे, त्या प्रत्येक लिफ्टचं डोकं तिच्या हाताखालून गेलेलं असतं.

मी तिचा मोठा भाऊ. माझं दुचाकी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गाडी कोपऱ्यावरून वळली की आवाजावरून मी सांगतो कुठे दुखतंय, हे इथल्या कुणालाही विचारा. शाळेला मी फारसा आवडलो नाही आणि तीही मला आवडली नाही. ती कसर धाकटीने भरून काढली, माझ्या वाटची आणि वर आणखी दोघा-तिघांच्या वाटची.

घरात तिला सुतळी म्हणतात. अंगाने तशीच बारीक, आणि एकदा गाठ मारली की सोडवणाऱ्याची नखं तुटतात. लहान असताना आमचा पंखा मध्येच बंद पडायचा आणि मध्येच फिरायला लागायचा. एकदा तो असाच सुरू झाला तेव्हा आई म्हणाली, "झाला बाई आपोआप चालू, सुटलो." ही फ्रॉकमधली पोर कमरेवर हात ठेवून विचारते, "आपोआप म्हणजे कुणी?" पंखा खाली उतरवून आतली सैल तार मला दिसेपर्यंत तिने मला जेवू दिलं नाही. आई अजून ते सांगून हसते.

तर ही पोर मोठी झाली, शिकली आणि लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिच्या कामाला बिल्ड म्हणतात. मला समजलं तसं सांगतो, आणि मला समजलंय म्हणजे तुम्हालाही समजेल. कंपनीत बरेच जण प्रोग्राम लिहितात. कुणी दाराचा, कुणी मोटरचा, कुणी बटणांचा. प्रत्येकाच्या वेगळ्या फायली. त्या माणसाला वाचता येतात, पण लिफ्टला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग बिल्डची यंत्रणा एकेक फाइल घेऊन तिचा लिफ्टला कळेल असा तुकडा बनवते, सगळे तुकडे जोडते आणि एक गठ्ठा तयार करते. तो गठ्ठा लिफ्टच्या कंट्रोलच्या डब्यात भरायचा. सगळं जमलं तर पडद्यावर हिरवी पट्टी येते, कुठे अडलं तर लाल.

हे काम कुणालाच नको असतं. मोरी तुंबली की घरातल्या सगळ्यांना मोरी आठवते, वाहत असताना तिच्याकडे कोण बघतं? हिने ते मागून घेतलं. तेव्हा बिल्डला अर्धा दिवस लागायचा. लोक बटण दाबायचे, चहा प्यायचे, जेवायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे, तरी ते चालूच. हिने बघितलं, एकाने बनवलेला तुकडा दुसरा पुन्हा बनवतोय, तिसरा पुन्हा. म्हणून तिने सगळ्यांसाठी एक सामायिक जागा केली. तिला ती फडताळ म्हणते. कुणीही बनवलेला तुकडा फडताळात जायचा. पुढच्याने आधी तिथे बघायचं. तुकडा फाइलीच्या नंतर बनलेला असेल तर तो ताजा, उचला आणि लावा. फाइल तुकड्याच्या नंतर बदललेली असेल तर तो तुकडा शिळा, नवा बनवा. इतकं सोपं. आणि एका फाइलीचे दोन तुकडे आले, तर नंतरचा ठेवायचा.

मग काय विचारता. बटण दाबून कपात चहा ओतेपर्यंत गठ्ठा तयार. ऑफिसात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कंपनीने तिला एक कप दिला, वर तिचं नाव छापलेला. तो कप माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर आहे. मी त्यात पेनं ठेवतो, नावाची बाजू गिऱ्हाइकांकडे करून.

आणि त्याच फडताळावर एक दिवस संकट आलं.

झालं असं की दाराच्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. मध्ये बारीक वस्तू आली तर दाराला ती कळायची नाही. दाराचं काम बघणाऱ्या मुलीने ती दुरुस्त केली, स्वतःच्या टेबलावर तपासली, अगदी चोख. बिल्ड झाली, हिरवी पट्टी आली, आणि लिफ्ट विकत घेणारे लोक बघायला आले. त्यांच्यासमोर दारात लाकडी पट्टी धरली आणि दाराने तिचे सरळ दोन तुकडे केले. दुरुस्ती गठ्ठ्यात आलीच नव्हती. नंतर त्या मुलीने फाइल उघडली, काही न बदलता नुसती पुन्हा साठवली, तर दुरुस्ती आली. चार दिवसांनी मोटरच्या फाइलीबाबत तसंच. हात लावला की बरं, नाही लावला की रुसलेलं.

लाल पट्टी आली असती तर परवडलं असतं. हिरवं असून चूक, हे फार वाईट. माझ्याकडे अशा गाड्या येतात. घरी ठकठक करतात आणि वर्कशॉपच्या दारात आल्या की शहाण्या बाळासारख्या.

घेणाऱ्यांचे इन्स्पेक्टर निक्षून म्हणाले, "दुरुस्ती कुठे गेली होती ते कारणासकट सांगा, त्याशिवाय ही लिफ्ट आम्ही इमारतीत बसवणार नाही." आणि सुतळीच्या मॅडमनी, म्हणजे तिच्या वरच्या बाईंनी तिला सांगितलं, "शनिवारी दुपारी ते पुन्हा येतायत. तोपर्यंत कारण दे. नाहीतर सोमवारपासून तुझं फडताळ बंद. मी बाहेरची तयार यंत्रणा घेते, आणि तुला दुसरं काम."

शनिवारी सकाळी आमच्या घरचं इंटरनेट गेलं. ऑफिस लांब, वेळ थोडा. मी म्हटलं, "चल माझ्या केबिनमध्ये. माझं कनेक्शन कधी जात नाही." ती लॅपटॉप पोटाशी धरून माझ्या मागे गाडीवर बसली. केबिन म्हणजे काचेची खोली, तिन्ही बाजूंना टायर. तिने कप बाजूला सरकवला, फोन स्पीकरवर ठेवला आणि बसली. पलीकडे मॅडम होत्या, आणि ऑफिसच्या प्रयोगशाळेत एक पोरगा होता, बटणांचे प्रोग्राम लिहिणारा. ऑफिसात त्याला घाईकर म्हणतात. आडनाव नाही ते, स्वभाव आहे.

"फडताळ रिकामं करून बिल्ड केली तर सगळं बरोबर येतं ना?" मॅडम विचारत होत्या.

"येतं."

"मग आज रिकामं कर आणि दाखव त्यांना."

"ते कारण विचारणार, मॅडम. आपोआप बरं झालं असं सांगू?"

"तुझ्या जिभेला हाड नाही," मॅडम म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत.

मी बाहेरून चहा आणून ठेवला. तिने एक एक करत बिघाडाच्या जागा तपासल्या. डिस्क भरली होती का? नाही. दोघांनी एकदम एकच तुकडा लिहिला का? नाही. नेटवर्क तुटलं का? नाही. पडद्यावर ओळी अशा पळत होत्या की मला गरगरलं.

"दादा, श्वास दुसरीकडे सोड, मानेवर येतोय."

"मी बघतोय."

"काय कळतंय?"

"तुला कळत नाहीये, एवढं कळतंय."

ती हसली. पण कपाळाची शीर ताठ होती. तिच्या आयुष्याचं काम होतं ते फडताळ, आणि दुपारनंतर ते कुलूपबंद होणार होतं.

तेवढ्यात बाहेर आवाज चढले. एक काका स्कूटर न्यायला आले होते आणि आमच्या मिस्त्रींवर बरसत होते. हे मिस्त्री माझ्याकडे सुरुवातीपासून आहेत, हात सोन्याचा आणि तोंड तिखट.

"अकराला देतो म्हणालात. ते बघा तुमचंच घड्याळ. अकरा वाजून गेले."

"काका, त्या घड्याळाकडे काय बघता, ते पुढे आहे. तुमच्या मनगटावर बघा."

काकांनी मनगट बघितलं, भिंत बघितली. "मग लावलंय कशाला इथे?"

"आमच्यासाठी. मालकांना वाटतं घड्याळ पुढे ठेवलं की आम्ही वेळेवर येतो."

"आणि येता?"

"आम्हाला माहीत आहे ना ते पुढे आहे. आम्ही वजा करतो. फसतो तो नवीन माणूस."

हे खरं आहे, घड्याळ मी पुढे ठेवतो. आमच्या वडिलांची पद्धत, घरीसुद्धा तेच. आम्ही भावंडं त्याच घड्याळाखाली वाढलो. मी काकांची समजूत काढायला बाहेर निघालो, तोच माझ्या मागे खुर्ची धाडकन टायरवर आपटली. सुतळी उभी होती.

"मिस्त्रीकाका, काय म्हणालात? फसतो कोण?"

"नवीन माणूस. ज्याला माहीत नाही तो."

ती फोनवर वाकली. "घाईकर, तुझ्या लॅपटॉपवर किती वाजलेत?"

पलीकडून हळूच, "खरे सांगू की माझे?"

"माझे म्हणजे?"

"म्हणजे मी जरा पुढे ठेवतो. ते आपलं आपण वेळ लावून घेतं ना, ते बंद केलंय. हाताने पुढे केलं. मीटिंगला उशीर व्हायचा म्हणून."

"घाईकर, मी ऐकतेय," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण तेव्हापासून मी एकदा तरी उशिरा आलोय का?"

सुतळीने टेबलावर अशी थाप मारली की कपातली सगळी पेनं उडाली. मग तिने मला जे सांगितलं ते मी काकांना, मिस्त्रींना आणि त्यानंतर शंभर जणांना सांगितलंय. ऐका. घाईकरने सकाळी बिल्ड केली की त्याच्या लॅपटॉपवर बनलेल्या तुकड्यांवर पुढची वेळ पडायची, जी अजून उजाडलेलीच नाही. ते तुकडे फडताळात गेले. थोड्या वेळाने त्या मुलीने दार दुरुस्त केलं, तिचं घड्याळ बरोबर. बिल्डने बघितलं, फाइल आत्ताची, तुकडा तिच्याही नंतरचा, म्हणजे ताजा. उचलला आणि लावला. जुना, दार न थांबवणारा तुकडा. मुलीने फडताळात न बघता टेबलावर तपासताना बनवलेला नवा तुकडा आला तोही मागे पडला, कारण नंतरचा ठेवायचा असा नियम. आणि दुपारी कुणी फाइल नुसती पुन्हा साठवली, की तिची वेळ घाईकरच्या वेळेच्या पुढे जायची आणि सगळं सुरळीत. आपोआप. बिल्डला कुणी सांगितलंच नव्हतं की या माणसाच्या वेळेतून वजाबाकी करायची असते.

"खात्री?" मॅडमनी विचारलं.

"बिघाड मुद्दाम करून दाखवते, मग खात्री."

घाईकरने त्याच्या लॅपटॉपवर बिल्ड केली. लगेच सुतळीने दाराच्या फाइलीत एक ओळ बदलली, दार उघडल्यावर पिवळा दिवा लागण्याची. बटण दाबलं, हिरवी पट्टी आली. घाईकरने गठ्ठा प्रयोगशाळेत चाचणीसाठी लावलेल्या छोट्या दाराच्या डब्यात भरला आणि व्हिडिओ लावून फोनचा कॅमेरा तिकडे वळवला. दार उघडलं. दिवा लागला नाही.

सुतळी आनंदाने ओरडली. काच हलली. काका म्हणाले, "काय झालं, जमलं का?" मी म्हटलं, "नाही, बिघडलं." ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय कळणार. लपून बसलेला ठकठक आवाज ज्याने महिनाभर शोधलाय, त्यालाच तो ऐकू आल्यावर काय वाटतं ते ठाऊक.

"छान. घाईकरचं घड्याळ नीट करा, विषय संपला," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. उद्या दुसऱ्या कुणाचं तरी चुकेल. बिल्डने घड्याळ बघायचंच कशाला?"

"वेळ आहे का आता ते बदलायला?"

"आहे," मी बाहेरून म्हटलं.

"हे कोण बोललं?"

"माझा दादा," सुतळी म्हणाली. "त्याला यातलं काही कळत नाही, पण वेळ आहे."

मग ती जी बसली. मी शटर अर्धं ओढलं, मिस्त्रींना हातोडी बंद ठेवायला सांगितली. वर्कशॉपच्या इतिहासात पहिल्यांदा भर दिवसा हातोडी बंद. काका स्कूटर तयार असूनही थांबले, म्हणाले बघूनच जातो.

तिची युक्ती अशी. फाइलीची वेळ सोडून द्यायची आणि आतल्या मजकुराचा ठसा घ्यायचा, बोटाचा घेतात तसा. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो, आणि मजकूर तोच तर ठसा तोच, मग तो कुणीही कधीही बनवो. फडताळात तुकडा ठेवायचा तो त्या ठशाच्या नावाने. ठसा जुळला तर उचला, नाही तर नवा बनवा. वेळेचं नावच नको.

तिने बिल्डचे नियम बदलले, बटण दाबलं. लाल पट्टी. तिने वाचलं, काहीतरी खोडलं, पुन्हा दाबलं. हिरवी. घाईकरने गठ्ठा भरला आणि छोटं दार उघडलंच नाही, जागच्या जागी थरथरत राहिलं.

"अरे देवा," घाईकर म्हणाला. "आता तर आधीपेक्षा वाईट."

"गप्प बस जरा." तिने डोळे मिटले. मी तिला असं बघितलंय, पंख्याखाली. मग म्हणाली, "कुठल्या लिफ्टचा तुकडा आला?"

"म्हणजे?"

"आपण दोन प्रकारच्या लिफ्ट करतो. माणसांची आणि सामानाची. दाराची फाइल एकच, पण तुकडे वेगळे बनतात, सेटिंग वेगळी असते म्हणून. मी ठसा फक्त फाइलीचा घेतला. त्याने सामानाच्या लिफ्टचा तुकडा माणसांच्या लिफ्टला लावला."

हे मात्र मला लगेच कळलं, कसं ते बघा. पिस्टन एकाच कारखान्याचा, पण कुठल्या गाडीत बसणार ते लिहिलेलं नसेल तर काय उपयोग. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "हो दादा, तेच," आणि न बघता टाइप करत राहिली. आता ठसा फाइलीचा, सेटिंगचा आणि ज्या हत्याराने तुकडा बनतो त्याचाही, तिन्ही मिळून एक. यातलं काहीही बदललं तरी ठसा वेगळा.

तिने पुन्हा बटण दाबलं, आणि तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, एकदम हळू. "ते आलेत. मी त्यांना घेऊन प्रयोगशाळेत येतेय."

हिरवी पट्टी आली. घाईकर गठ्ठा भरत असतानाच दरवाजा उघडल्याचा आवाज झाला. कॅमेऱ्यात इन्स्पेक्टर दिसले, मिशीवाले, हातात नवी लाकडी पट्टी. मागच्या वेळची ते विसरलेले नव्हते.

"कारण मिळालं?" त्यांनी विचारलं.

"मिळालं, साहेब," सुतळी फोनवरून म्हणाली. "आमच्या एकाचं घड्याळ पुढे होतं, आणि आमची बिल्ड घड्याळावर विश्वास ठेवत होती. आता ठेवत नाही. घाईकर, तुझं घड्याळ अजून पुढेच आहे ना?"

"आहे."

"तसंच राहू दे. मघाचीच चूक पुन्हा कर."

घाईकरने पुढच्या घड्याळावर बिल्ड केली. सुतळीने पिवळ्या दिव्याचा रंग निळा केला. बटण दाबलं. मी काचेला नाक लावून उभा होतो, मिस्त्री माझ्या खांद्यावरून बघत होते आणि काका मिस्त्रींच्या. छोटं दार उघडलं. निळा दिवा लागला. दार बंद व्हायला लागलं आणि इन्स्पेक्टरांनी पट्टी मध्ये धरली. मग त्यांनी पट्टी काढली आणि खिशातली पेन्सिल धरली. दोन्ही वेळा दार थांबलं, मागे सरकलं, उघडलं.

"आणि याचं घड्याळ मागे गेलं तर?" त्यांनी विचारलं.

"काढून फेकलं तरी चालेल, साहेब."

मिशीखाली काय झालं ते कॅमेऱ्यात दिसलं नाही. ते मॅडमना म्हणाले, "हे असंच लिहून द्या. बसवू आम्ही."

सगळे गेल्यावर मॅडम फोनवर परत आल्या. "तयार यंत्रणेवाल्यांना सोमवारी येऊ नका म्हणून कळवते. फडताळ राहतंय. आणि सोमवारी दुसऱ्या टीमलाही ते लावून दे, ते कधीपासून मागतायत." मग म्हणाल्या, "घाईकर, तुझं घड्याळ तेवढं नीट कर."

"मग मीटिंगला उशीर झाला तर?"

"तर मी आहे ना."

फोन बंद झाला आणि सुतळीने डोकं टेबलावर ठेवलं, पेनांच्या ढिगात. मला वाटलं रडतेय. हसत होती. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओळख ना पाळख, आणि म्हणाले, "पोरी, आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं पण बघ ना जरा." मिस्त्रींनी हातोडी उचलली. आणि मी म्हटलं, आता हे सगळं ज्या घड्याळामुळे सुचलं ते माझं आहे, तेव्हा अर्धं श्रेय माझं.

"पाव," सुतळी म्हणाली. "पाव मिस्त्रीकाकांचं."

पुढे ती लिफ्ट खरंच एका मोठ्या इमारतीत बसली. मी आईला घेऊन मुद्दाम बघायला गेलो. त्या इमारतीत आमचं कुणी राहत नाही. दार बंद व्हायला लागलं की मी बोट घालायचो, ते उघडायचं, आई टाळी वाजवायची. मग आईने चष्म्याची काडी घालून बघितली. त्यावरही उघडलं. आत एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर जायची वाट बघत होत्या, पण आमचं होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी वॉचमन धावत आला.

"काय चाललंय? दार खराब करताय का?"

"खराब होत नाही ते," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचं आहे."

"लिफ्ट बहिणीची?"

"दार नेमकं का उघडतं ते या इमारतीत मला एकट्याला माहीत आहे. सांगू?"

तो म्हणाला, "आपोआप उघडतं ते."

आईने कमरेवर हात ठेवले आणि त्याला विचारलं, "आपोआप म्हणजे कुणी?"